पिक्चर आहे, उजेड गेलाय : उद्यमनगरच्या टीव्हीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण जाताना तुम्हीच म्हणालात, “नावबिव नको ताई, उद्या लोक दारात रांग लावतील.” रांग लागायलाच पाहिजे खरं तर. पण तुमचा शब्द मोडत नाही.

तुमच्या आधी कंपनीचे साहेब येऊन गेले होते. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट, तेही घरात तसेच. आवाज येतोय पण चित्र नाही, एवढं ऐकलं आणि मागचं झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला, “पॅनेल गेलंय मॅडम, नवीन घ्या. एक्स्चेंजमध्ये बसवून देतो.” भेटीचे पैसे मात्र चोख घेतले. आई समोरच खुर्चीत बसली होती. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर आईच मला म्हणाली, “असू दे गं. आवाज येतोय न्हवं, ऐकतो मी.”

आणि ती खरंच ऐकत बसायची. मालिकेतली सासू कडाडली की स्वयंपाकघराकडं तोंड करून मला विचारायची, “कुठली नेसलीय आज?” मी काय सांगणार? मलाही काळी काचच दिसायची.

आई गोष्टीसाठी मालिका बघत नाही, हे तुम्हाला त्या दिवशी कळलंच. गोष्ट तिला पहिल्या आठवड्यातच समजलेली असते. ती बघते काठपदर, दारावरचं तोरण, समईच्या वाती, मागच्या फळीवरची भांडी. “एवढा मोठा वाडा, आणि कट्ट्यावर तेलाचा एक डाग न्हाई. हितं कोण सैपाक करतं का न्हाई?” असं तिचं चालू असतं. चांगली जुळलेली साडी दिसली तर हात जोडते, अगदी देवाला जोडावेत तसे. गुडघ्यांनी जिना बंद केल्यापासून रंकाळ्याची संध्याकाळ सुटली, महाद्वार रोडवरचं उगीच फिरणं सुटलं. डोळ्यांना बरं वाटेल असं जे काही उरलं होतं, ते त्या चौकटीतूनच घरात यायचं.

तुम्ही आलात, चप्पल दाराबाहेर काढली, टीव्ही चालू केला आणि मोबाईलची बॅटरी थेट पडद्याला टेकवलीत. “या ताई, हे बघा.” बॅटरीच्या गोलात, काळ्या काचेच्या आत, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पुसट हलत होती. “पिक्चर आहे. मागचा उजेड गेलाय.” मागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलायला दुकानात नेऊन तो परत आणलात, त्यातलं मला फार कळत नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आपल्या कोल्हापुरात ते शोभतंही. मूकपटांच्या काळातले आपले दिग्दर्शक बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. सुतारकाम, लोहारकाम, चित्र, शिल्प, सगळं हातात. परदेशी कॅमेऱ्याच्या नावानं रडत न बसता त्यांनी तो इथंच घडवला आणि त्यावर 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. आपल्याकडं बहुतेक चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चालायचं, तेव्हा 1923 च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. ‘प्रभात’ ही फिल्म कंपनीसुद्धा 1929 मध्ये इथंच सुरू झाली आणि चार वर्षांत पुण्याला गेली (ते दुःख आईची पिढी अजून विसरलेली नाही). तेव्हा उजेड कुठून आणि कसा पडला म्हणजे माणसाचा चेहरा नीट दिसतो, ही विद्या कोल्हापूरच्या कारागिरांना नवी नाही. तुम्ही म्हणाल, ताई, मी नुसता टीव्ही दुरुस्त करतो. असू दे.

पण मी लिहायला बसले ते टीव्ही चालू झाला म्हणून नाही. तो भिंतीवर चढवून झाला, चित्र आलं, मी पैसे काढायला पाकीट उघडलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, “आज्जी रोज कुठं बसतात?” मी खुर्ची दाखवली. आईला हात देऊन पलंगावर बसवलंत आणि स्वतः त्या बुटक्या खुर्चीत बसलात. नुसते बसला नाहीत, तिच्यासारखी मान थोडी खाली घातलीत. मग म्हणालात, “हितनं तर निम्मी खिडकीच दिसतीय काचेत. आणि टीव्ही वर असल्यामुळं तोंडं काळवंडत्यात.” आमच्या घरात तो टीव्ही इतकी वर्षं लटकतोय, पण त्या खुर्चीत बसून कुणी बघितलं नव्हतं. बसवायला आलेल्यांनी उंची ठरवली ती उभ्या माणसाच्या डोळ्यांनी.

तुम्ही टीव्ही पुढं झुकवलात, खिडकीपासून जरा वळवलात. मग रिमोट घेऊन रंग कमी करत आईलाच विचारत गेलात, “आता सांगा आज्जी, साडी कसली दिसतीय?” ती म्हणाली, “लिंबू.” तुम्ही आणखी कमी केलंत. “आता मोतिया. हां, आता माणसं माणसांसारखी दिसाय लागली.” एवढ्यावर तुम्ही बटण सोडलंत. तिला कुणी काही विचारून तिच्या उत्तरावर काम थांबवलं, असं किती दिवसांत झालं नव्हतं, दादा! डॉक्टर माझ्याशी बोलतात, बँकेतले माझ्याशी बोलतात, रिक्षावालाही “म्हातारीला बसवा” म्हणतो. यात दुष्टपणा कुणाचाच नसतो, घाई असते. सभ्य माणूस म्हणजे गोड बोलणारा, असं मला वाटायचं. पण गोड तर ते कंपनीवालेही बोलले होते.

पैसे तुम्ही वाजवी घेतलेत, त्याबद्दल बोलत नाही. खुर्चीत बसल्याचे काही घेतले नाहीत, ते मात्र आईच्या हिशेबात बसत नाही. तिनं पांढरा रस्सा तुमच्या नावावर लिहून ठेवलाय. रविवारी दुपारी या, घरच्यांना घेऊन या. सोमवारी-गुरुवारी येऊ नका, आमच्यात चालत नाही. आणि येताना तो छोटा स्क्रूड्रायव्हर आणा, आईच्या मिक्सरचं झाकण हलतंय असं ती म्हणते. मिक्सर ठणठणीत आहे, मी बघितलाय. तरी आणा.

तुमची,
मंगळवार पेठेतली ताई