वीस किलोमीटरचा परीघ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे: 'वीस किलोमीटरच्या परिघातील लोकांना हलवले.' आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. मूळ इंग्रजी मजकुरात बहुतेक वेळा 'रेडियस' असतो. रेडियस म्हणजे त्रिज्या, केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर. परीघ म्हणजे ती कड, तिची पूर्ण लांबी, इंग्रजीत 'सर्कम्फरन्स'. त्रिज्येच्या दुपटीला पायने गुणले की परीघ मिळतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. वृत्तसंस्थेची बातमी मराठीत आणताना मात्र ते कुणाला आठवत नाही.

यात एवढे काय बिघडले, असे कुणी विचारील. आकडे मांडून पाहू. त्रिज्या वीस किलोमीटर असेल तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस किलोमीटर भरते. परीघच वीस किलोमीटर असेल तर त्रिज्या उरते जेमतेम ३.२ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका शब्दाच्या अदलाबदलीत जवळजवळ चाळीस पटींचा फरक पडतो.

हा फरक कागदावरचा नाही. मार्च २०११मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात दुर्घटना घडली, तेव्हा ११ मार्चच्या रात्री तीन किलोमीटरच्या आतील रहिवाशांना बाहेर पडण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मर्यादा दहा आणि संध्याकाळी वीस किलोमीटर झाली. हे तिन्ही आकडे त्रिज्येचे होते. आता 'वीस किलोमीटरचा परीघ' हे शब्द एखाद्याने प्रामाणिकपणे शब्दशः घेतले, तर त्याच्या डोळ्यांपुढे येणारे वर्तुळ जवळजवळ पहिल्या रात्रीचेच! मधल्या चोवीस तासांत काय घडले, हे त्याला कळणारच नाही. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर आखलेल्या तीस किलोमीटरच्या प्रतिबंधित क्षेत्राबद्दल लिहितानाही हाच 'परीघ' अजून भेटतो.

'परिघात' म्हणजे 'आसपास', असा अर्थ रूढ झाला आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. 'अधिकारांच्या परिघात', 'चर्चेच्या परिघाबाहेर' असे खुशाल लिहावे, तिथे कुणी मोजपट्टी लावत नाही. पण शब्दापुढे किलोमीटर आले की तो भूमितीचा झाला. 'त्रिज्या' हा शब्द बातमीत जड वाटत असेल तर तोही नको. 'केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंतची गावे' इतके साधे लिहिले तरी भागते.

दुसरी तक्रार 'फिरणे' या क्रियापदाची. इंग्रजीत 'रोटेट', 'रिव्हॉल्व्ह', 'ऑर्बिट', 'स्पिन', 'सर्क्युलेट' असे वेगवेगळे शब्द येतात आणि मराठीत उतरताना सगळ्यांचे 'फिरणे' होते. मराठीत शब्दांची वाण आहे म्हणावे, तर तसेही नाही. गिरकी, घिरटी, वळसा, फेरी, प्रदक्षिणा, भोवंडणे, गरगरणे, भिरभिरणे हे सगळे आपल्याकडे आहे. शिवाय भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने परिवलन आणि परिभ्रमण ही जोडी केव्हाच शिकवून ठेवली आहे. स्वतःच्या आसाभोवती ते परिवलन ('रोटेट'), दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण ('रिव्हॉल्व्ह').

ही जोडी मोडली की बातमीचा कसा विचका होतो, ते शुक्राच्या बाबतीत पाहावे. शुक्राचे परिभ्रमण सुमारे २२५ दिवसांत पूर्ण होते, पण परिवलनाला २४३ दिवस लागतात, आणि तेही पृथ्वीच्या उलट दिशेने. 'शुक्राला फिरायला २४३ दिवस लागतात' असे छापल्यावर वाचक ते त्याचे वर्ष समजणार. या ग्रहाची एक गिरकी त्याच्या वर्षापेक्षा लांब असते, हीच तर त्यातली खरी गंमत, आणि नेमकी तीच हरवते. चंद्राची गत आणखी वाईट. त्याचे परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही सुमारे २७.३ दिवसांचे, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याकडे वळलेली राहते. 'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही' हे विधान मी छापील मजकुरात वाचले आहे. तो स्वतःभोवती फिरला नसता तर पृथ्वीवरून त्याच्या सगळ्या बाजू आळीपाळीने दिसल्या असत्या.

इंग्रजीची इथे फार तरफदारी करावी असेही नाही. तिथल्या 'रिव्हॉल्व्हिंग डोअर'चा आस दाराच्या मधोमधच असतो, इंजिनाचा दांडा स्वतःभोवतीच फिरतो, तरी त्याच्या वेगाचे एकक 'रिव्हॉल्यूशन्स पर मिनिट'. म्हणून शब्दकोशापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: आस वस्तूच्या आत आहे की बाहेर? (जाता जाता: कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या लॅटिन नावात 'रिव्हॉल्यूशन' आकाशस्थ गोलांचे होते, राजसिंहासने त्यात नंतर आली. आपली 'क्रांती'सुद्धा 'क्रांतिवृत्ता'त, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या नावात, खगोलाशी सोयरीक राखून आहे. दोन्ही भाषांत बंडाचा शब्द आकाशाशी जोडलेला असावा, हे मला फार आवडते.)

आता चक्रीवादळे. 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात राहिलेल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८मध्ये रूढ केला. ग्रीक शब्दावरून घेतलेल्या या नावातून त्यांना सापाच्या वेटोळ्याचे चित्र सुचवायचे होते. वेटोळ्यात वारा गोल फिरतो आणि अख्खे वेटोळे शिवाय पुढे सरकते. म्हणजे वेग दोन. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की अटलांटिकमध्ये त्या वादळाला 'हरिकेन' म्हणतात. ते वादळ पुढे मात्र अनेकदा ताशी पंधरा-वीस किलोमीटरनेच सरकत असते. बातमीत हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात आणि 'ताशी १५० किलोमीटर वेगाने वादळ किनाऱ्याकडे झेपावत आहे' असे वाक्य तयार होते. या वेगाने वादळ खरेच निघाले तर दिवसभरात ३,६०० किलोमीटर कापील! पंधराच्या वेगाने ते ३६० किलोमीटर जाते. किनाऱ्यावरच्या माणसाला दोन्ही आकडे हवे असतात, पण निरनिराळ्या कारणांसाठी: एकावरून छप्पर टिकेल का ते कळते, दुसऱ्यावरून निघायला वेळ किती उरला ते. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला हे दोन्ही वेग एकमेकांत मिळतात, त्यामुळे तिथे वारा साधारणपणे अधिक जोराचा असतो. एवढे स्पष्ट लिहायला बातमीत दोनच ओळी लागतात.

क्रीडा पानावर 'सेंट्रिफ्युगल फोर्स'चा, म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणाऱ्या बलाचा, वापर जपून व्हावा. हातोडाफेकीत खेळाडूने हात सोडला की हातोडा 'केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जातो' असे नाही. हात सुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेने, तो निघतो. सुटण्याची वेळ किंचित चुकली तरी तो भलतीकडे जातो, म्हणून तर भोवती जाळीचा पिंजरा लागतो. तोवर त्याला वर्तुळात धरून ठेवणारे बल आतल्या बाजूला, केंद्राकडे असते. ते 'सेंट्रिपीटल', अभिकेंद्री. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी 'केंद्रापासून पळणारे' या अर्थाचा शब्द आधी वापरला होता, त्याला जोड म्हणून न्यूटन यांनी 'केंद्राकडे धाव घेणारे' असा शब्द घडवला आणि १६८७च्या ग्रंथात तो वापरला. बाहेर ढकलले गेल्यासारखे वाटते ते गोल फिरणाऱ्याला, बाजूला उभे राहून पाहणाऱ्याला नव्हे.

राजकीय पानावरच्या '३६० अंशांच्या घूमजाव'बद्दल अधिक लिहीत नाही. नेता तेवढा वळला तर तो होता तिथेच तोंड करून उभा राहील. विरुद्ध दिशेला वळण्यासाठी १८० अंश पुरतात.

मराठीला कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. 'ॲन्युलर' ग्रहणाला आपण 'कंकणाकृती' म्हणतो आणि ते न पाहिलेल्यालाही दिसते. 'कंस' आणि 'जीवा' यांबद्दलही इंग्रजीकडे पाहायची गरज नाही. त्यांच्या 'आर्क'चा मूळ अर्थ धनुष्य आणि 'कॉर्ड'चा दोरी; आपली 'जीवा' तीच धनुष्याची दोरी आहे आणि कंसाचे दुसरे नाव 'चाप' हे धनुष्यच. 'केंद्र' तर आपण आणि इंग्रजांनी एकाच ग्रीक शब्दावरून घेतले आहे. शब्द आहेत, प्रश्न फक्त योग्य शब्दाशी योग्य आकडा जोडण्याचा आहे.

लघुग्रहांच्या बातम्यांत तेवढे तरी कटाक्षाने पाहावे. तिथे सहसा 'डायमीटर', म्हणजे व्यास दिलेला असतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेल्या खडकाचा व्यास सुमारे वीस मीटर होता. त्याच आकड्यापुढे चुकून 'त्रिज्या' छापले, तर तो खडक आकारमानाने आठपट मोठा होतो.

आपला,
एक नियमित वाचक