जोडशब्दांची यादी पाठ करून पटवता येत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मत पटवून देणारे लेखन शिकवताना मुलांच्या हाती ‘तसेच, शिवाय, त्यामुळे, परंतु, म्हणून’ अशी यादी दिली जाते आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडी त्यातला एक शब्द बसवला जातो. मग असे काही तयार होते :

‘वाचनालय रात्री ९ पर्यंत उघडे ठेवावे. तसेच नोकरदारांना दिवसा येता येत नाही. त्यामुळे वाचनाची आवड वाढेल.’

वाचायला गुळगुळीत, पण अर्थ पाहा. दुसरे वाक्य मागणीचे कारण आहे, तिथे ‘तसेच’ कशाला? आणि ‘त्यामुळे’ सहसा लगतच्या मागच्या वाक्याला धरते. म्हणजे नोकरदारांना येता येत नाही, म्हणून आवड वाढणार! दुरुस्ती अशी : ‘वाचनालय रात्री ९ पर्यंत उघडे ठेवावे, कारण नोकरदारांना दिवसा येता येत नाही. वेळ वाढवली तर निदान त्यांची वर्गणी तरी वाया जाणार नाही. कर्मचाऱ्यांवर ताण पडेल हे खरे, पण सकाळी तितकेच उशिरा उघडले तर कामाचे तास तेवढेच राहतात.’

शेवटच्या वाक्यातला ‘पण’ नीट पाहण्यासारखा आहे. ‘सोय होईल, पण ताण पडेल’ आणि ‘ताण पडेल, पण सोय होईल’ यांत माहिती एकच, वकील मात्र विरुद्ध बाजूंचे. मराठीत ‘पण’च्या पुढचे पारडे जड होते. म्हणून समोरच्याचा आक्षेप आधी, आपले उत्तर नंतर. ‘जरी–तरी’चेही तेच : आक्षेप ‘जरी’कडे, आपले म्हणणे ‘तरी’कडे. यातला ‘जरी’ गाळला तरी चालतो, ‘तरी’ गाळून भागत नाही. ‘जरी खर्च वाढला पण...’ ही तर सरळ चूकच. तीच गत ‘कारण दिवसा वेळ नसतो म्हणून’ याची. एका कारणाला दोन खुंट्या लागत नाहीत.

‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ यांतही थोडे तारतम्य हवे. पाऊस पडला, त्यामुळे वाट निसरडी झाली, हे आपोआप घडले. वाट निसरडी आहे म्हणून काठी घ्या, हा कुणीतरी घेतलेला निर्णय. आपण मागणी करतो तेव्हा बहुधा ‘म्हणून’च लागतो. ‘मात्र’ वाक्याच्या आरंभी टाकून पुढे स्वल्पविराम देण्याची खोड वृत्तपत्रांतूनही दिसते (आपलेही सोडून नाही, क्षमस्व). ‘मात्र, खर्च वाढेल’ यापेक्षा ‘खर्च मात्र वाढेल’ अधिक मराठी वाटते, शिवाय जोर नेमका कशावर ते कळते.

तपासायची रीत सोपी आहे. लिहून झाले की सगळे जोडशब्द पेन्सिलीने झाका आणि नुसती वाक्ये वाचा. नाते आपोआप कळते तिथला शब्द बहुतेकदा गाळता येतो. ते कळतच नसेल, तर ‘त्यामुळे’ ठोकण्याआधी ‘ते कसे काय?’ असे स्वतःला विचारा. उत्तराला एक आख्खे वाक्य लागत असेल, तर लेखनातून गळलेले वाक्य तेच.

आपला,
एक मराठी शिक्षक