जर्मनीहून येळ्ळूरला

तीर्थरूप आप्पा व सौ. आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. जेवणाखाण्याचे फोनवर कळतेच. पण आप्पा, तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींना फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, गाड्यांना रंग मारण्याच्या या कामाने माझ्या छातीला त्रास होईल का. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत तोंडाला रुमाल बांधून रंगाची गन मारणारे पेंटर तुम्ही पाहिले आहेत, तेव्हा काळजी वाटणारच. रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, हे खरे आहे. पण म्हणूनच युरोपात ऑगस्ट 2023 पासून त्याचे खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय ते कामात वापरता येत नाही. बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, गाळलेली हवा छतातून खाली येते, फवारा जमिनीच्या जाळीतून ओढला जातो आणि रंग मारणाऱ्याच्या मास्कला नळीने स्वच्छ हवा मिळते.

दुसरी गोष्ट, इतके शिकून गाड्यांना रंगच मारणार का. आप्पा, हे तीन वर्षांचे शिक्षण आहे, वर्कशॉप आणि शाळा दोन्ही सांभाळून, आणि शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय इथे कोणाला पुरा कारागीर मानत नाहीत. सध्या माझा बराच वेळ पत्र्याचे खड्डे भरलेली पुट्टी घासण्यात जातो. तिच्यावर काळी भुकटी फासून आधी 80, मग 120, मग 240 नंबरचा पेपर चालवायचा. जिथे खड्डा असेल तिथे काळे तसेच राहते. डोळ्याला सपाट दिसणारा दरवाजा तळहाताला पुष्कळदा सपाट लागत नाही, आणि आमचे मास्तर तळहातावरच विश्वास ठेवतात.

इथली एक रीत मात्र तुम्हाला पटणार नाही. बहुतेक गावांत आपल्याच दारात आपली गाडी धुवायची नाही. साबण आणि तेल मातीत मुरून भूजलात जाते, रस्त्यावरचे पाणी पावसाच्या गटारातून ओढ्याला मिळते, म्हणून पैसे भरून धुण्याच्या ठरावीक जागी जायचे, कारण तिथे पाण्यातले तेल वेगळे काढण्याची टाकी असते. वर्कशॉपातसुद्धा गन धुतलेले पाणी मोरीत ओतत नाहीत, ते वेगळ्या पिंपात साठवतात. खंडेनवमीला आपण अंगणात ट्रॅक्टरपासून सायकलीपर्यंत सगळे धुऊन हार घालतो, ते इथे केले तर शेजारी तक्रार करील. मला आधी हा अतिरेक वाटला. आता पिंपातला गाळ रोज पाहतो आणि त्यांचे बरोबर वाटते.

आता पैशांचे. विद्यावेतनातून खोलीचे भाडे जाऊन जे उरते, त्यातून सोसायटीचा हप्ता चुकणार नाही. परंतु आक्काच्या लग्नासाठी कबूल केलेली रक्कम एकदम पाठवता येणार नाही, दोन भागांत पाठवीन. लग्न वैशाखात ठरले तर परीक्षेमुळे मला येता येणार नाही. आक्का रागावली असेल, तिला मी स्वतंत्र लिहितो. आई, हळदीला माझ्या वाटचे काम काकांच्या मुलाला सांगावे. आणि आप्पा, पाहुण्यांना मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे असे सांगू नये. गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग शिकतो, असेच सांगावे.

आपला आज्ञाधारक,
धाकटा