अनुभव आहे, पण अनुभवाचा दाखला कोण देणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात करिअरचं पान येतं, आमच्या हॉस्पिटलमधल्या पोरी ते वाचतात, मोबाईलमध्ये फोटो काढून एकमेकीला पाठवतात. पण नर्सिंगचं त्यात दरवर्षी तेच दोन ओळींचं असतं, की एएनएम, जीएनएम (हे दोन्ही बारावीनंतरचे नर्सिंगचे डिप्लोमा कोर्स), बीएस्सी करा, नोकरी लगेच लागते. बस, इथंच संपतं. त्याच्या पुढं पोस्ट बेसिक आहे (म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीची बीएस्सी डिग्री), एमएस्सी आहे, पीएचडी आहे, त्याला काय अटी आहेत हे कुणी लिहीतच नाही. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे, जीएनएम करून नोकरीला लागले आणि पोस्ट बेसिक नंतर केलं, त्यामुळं पोरी ड्युटी संपल्यावर माझ्याकडंच येऊन विचारायल्यात आणि मी एकटी किती जणींना सांगणार म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट सांगते, गावाकडं यावर लई गैरसमज आहे. आर्ट्सनं बारावी झालेल्या पोरीला आणि तिच्या घरच्यांना वाटतं की डिग्रीचा विषय संपला. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश लागतं, त्यात ओपनला 45 टक्के लागतात आणि आता आपल्या राज्यात सीईटी पण द्यावी लागते, हे खरंय. पण जीएनएमला सायन्सची सक्ती नाही, बारावीला 40 टक्के पाहिजेत आणि इंग्लिश विषय पाहिजे. जीएनएम तीन वर्षं, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि तिथून पुढं दोन वर्षांची एमएस्सी. एएनएम झालेल्या बाईला सुद्धा जीएनएमला जाता येतं. म्हणजे औंढ्याची नाहीतर भूमची आर्ट्सवाली पोरगी एमएस्सी होऊ शकते, वेळ जास्त लागतो एवढंच. हे तिला बारावीलाच कळलं तर ती पुढचं ठरवून चालेल ना.

लातूर-नांदेडकडं वेगळंच. नीटसाठी एक वर्ष, दोन वर्षं रिपीट करायचं, मार्क कमी पडले की घरचे म्हणतात चल नर्सिंगला टाकू. पोरी हुशार असतात पण मन खट्टू झालेलं असतं, पहिलं वर्ष कसंतरी काढतात आणि तिथंच पुढचं नुकसान होऊन बसतं. कारण देशभरातल्या नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलची एमएस्सीची अट अशी आहे की बीएस्सीला किंवा पोस्ट बेसिकला सगळे मिळून किमान 55 टक्के पाहिजेत (एससी एसटीला 5 टक्क्यांची सवलत आहे). एम्सच्या एमएस्सीला तर 60 टक्के मागतात. आणि मराठी मीडियमच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांचे मार्क जातात ते पहिल्याच वर्षी, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीमध्ये, इंग्लिशमधून एकदम एवढं मोठं पुस्तक समोर आलं की. शेवटच्या वर्षापर्यंत त्या वॉर्डात एक नंबर काम करायला लागतात, पण टक्केवारी 53-54 वर अडकलेली असते आणि ती काही केल्या वर येत नाही. कॉलेजांनी पहिले सहा महिने तरी संध्याकाळी जादा तास घेऊन मराठीतून समजावून सांगावं, पेपर इंग्लिशमध्ये लिहू द्या पण डोक्यात तरी मराठीतून शिरू द्या.

आता खरी अडचण. 55 टक्के झाले, रजिस्ट्रेशन झालं, तरी एमएस्सीला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. बीएस्सीवाल्यांना बीएस्सी झाल्यानंतरचा, पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचा किंवा नंतरचा कोणताही चालतो. ही अट मला पटते, अगदी मनापासून पटते, कारण जिनं कधी एकटीनं नाईट काढली नाही, पहाटे चार वाजता पेशंटचं बीपी पडायला लागल्यावर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे जिनं हातानं केलं नाही ती उद्या विद्यार्थ्यांना काय शिकवणार. पण हा अनुभव कागदावर कोण देणार?

आमच्याकडं सध्या कंत्राटावर एक पोरगी आहे, त्याआधी ती एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होती, वर्षाच्या वर. व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळायची, दोन-दोन तीन-तीन पेशंट एकटीकडं. पगार पाकिटात, रोख. अपॉइंटमेंट लेटर मागितलं तर म्हणायचे देऊ की, कुठं पळून चाललो. एमएस्सीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा अनुभवाचा दाखला मागायला गेली तर आधी म्हणे सर बाहेरगावी आहेत, मग म्हणे नोकरी सोडायची असेल तर एक महिना आधी सांगायला पाहिजे होतं, आणि शेवटी जो कागद हातात दिला तो मी स्वतः बघितलाय. लेटरहेडवर दोन ओळी, स्टाफ नर्सच्या जागी ट्रेनी लिहिलेलं, जॉइनिंगची तारीख पाच महिने पुढची टाकलेली, आवक-जावक नंबर नाही, सहीखाली नाव नाही. पगार बँकेत नव्हता त्यामुळं दुसरा पुरावा पण काही नाही. कागद तपासणाऱ्याचा काय दोष, तो तारखा बघणार, वर्ष भरत नाही म्हणाला आणि बाजूला ठेवला. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. तिचं ते वर्ष तसंच गेलं.

हे एका हॉस्पिटलचं नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कुठंही विचारा. आणि यात आपल्या पोरींचंही थोडं चुकतं, नोकरी मिळाली ह्या आनंदात काहीच मागत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या दिवशीच अपॉइंटमेंट लेटर मागा, त्यावर पद, तारीख, किती बेडचं हॉस्पिटल आहे ते लिहून घ्या, पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल पण बँकेत घ्या, ड्युटी रोस्टरचा महिन्याला एक फोटो काढून ठेवा. आणि रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून कामाला लागू नका, ते नियमात पण बसत नाही.

पण सगळं पोरींवर ढकलून चालणार नाही. खाजगी हॉस्पिटलची नोंदणी 1949 च्या महाराष्ट्राच्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, मनपा हद्दीबाहेर ती जिल्हा शल्य चिकित्सकांकडं असते. नोंदणीच्या, नूतनीकरणाच्या वेळी नर्सेसची यादी लागतेच, मग त्या यादीसोबत प्रत्येकीच्या अपॉइंटमेंट लेटरची कॉपी आणि बँकेतून पगार दिल्याचा पुरावा मागायला काय हरकत आहे? एवढं जरी केलं तरी उद्या दाखला नाकारायची कुणाची हिंमत होणार नाही, कारण नाव आधीच सरकारी फाईलला असेल. पगाराचं पण तेच. 2016 ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्रानं कमिटी नेमली होती, तिनं 50 बेडच्या आतल्या खाजगी हॉस्पिटलमध्ये सुद्धा नर्सला 20,000 रुपयांच्या खाली पगार नको असं सुचवलं. आमच्या इथं आजही आठ-दहा हजारावर पोरी नाईट करायल्यात. त्यातून घरी पैसे पाठवायचे, आणि एमएस्सीची फी कुठून काढायची?

एमएस्सी झाली नाही तर काय बिघडतं असं कुणी म्हणेल. बिघडतं. नर्सिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर, त्यापुढचं पद, प्रिन्सिपल, सगळ्याला एमएस्सी लागते. कॉलेजं भराभर निघायलीत, शिकवायला माणसं कुठून आणणार? मग इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेरच्या मॅडम खुर्चीवर बसवायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा, हे सगळ्यांना माहितीये. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, कम्युनिटी हेल्थ, ह्या पाच विषयांत एमएस्सी होते, आणि क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या गंभीर पेशंटसाठीचा, नर्स प्रॅक्टिशनरचा वेगळा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे, हॉस्पिटलमध्ये काम करत करत शिकायचा. नवजात बाळांच्या वॉर्डात शिकलेली सिस्टर असणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये 24 तासांत 24 जण गेले, त्यात 12 नवजात बाळं होती, तेव्हा चार दिवस सगळीकडं स्टाफ कमी, स्टाफ कमी चाललं होतं. आता कुणी विचारत नाही.

आमच्यासारख्या सर्व्हिसमधल्या बायकांचं पण लिहा कधीतरी. एमएस्सी दूरशिक्षणानं करता येत नाही आणि ते बरोबरच आहे, पेशंटशिवाय नर्सिंग शिकता येत नाही. पोस्ट बेसिकला मात्र इग्नूचा (केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचा) दूरशिक्षणाचा कोर्स आहे, नोकरीतल्या जीएनएम नर्सेससाठी, बारावी आणि दोन वर्षांच्या अनुभवावर, एंट्रन्स देऊन. कित्येक सिस्टरला हे माहितीच नसतं. आणि रेग्युलर जायचं म्हटलं तर ना हरकत प्रमाणपत्र आणि रजा, याच्या फाईलीत फॉर्मची तारीख निघून जाते. परवानगी द्या किंवा नाही म्हणा, पण तारखेच्या आत काय ते सांगा, एवढीच मागणी आहे.

अजून एक, महत्त्वाचं. सध्या बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजांचे एजंट गावोगाव फिरायलेत, हजेरी लागत नाही, घरी बसून डिग्री, असं सांगून एक-दीड लाख आधी घेतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाईटवर मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी राज्यवार आणि वर्षवार आहे, त्यात कॉलेजचं नाव आणि त्याच कोर्सच्या जागा दिसल्या तरच पैसे द्या. जीएनएमची मान्यता आहे म्हणजे एमएस्सीची पण आहे असं नसतं. त्या डिग्रीवर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं नाही तर त्या कागदाचं काहीच करता येत नाही, आणि एजंटचा फोन तोपर्यंत बंद असतो.

संपादक साहेब, पुढच्या निकालाच्या आधी तुम्ही एक पूर्ण पान ह्यावर द्या, कोर्स, अटी, टक्केवारी, लागणारे कागद, सगळं मराठीत. माहिती गोळा करायला मी आणि माझ्या दोन-तीन सहकारी सिस्टर मदत करायला तयार आहोत, ड्युटी सांभाळून. आणि तुमच्या जिल्हा प्रतिनिधींना सांगून प्रत्येक जिल्हा शल्य चिकित्सकांना अपॉइंटमेंट लेटरचा प्रश्न विचारा, कोण काय उत्तर देतं ते नावानिशी छापा.

आपली नियमित वाचक,
एक इन्चार्ज सिस्टर,
मराठवाडा