‘निकट संपर्क’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या विषाणूजन्य आजाराच्या बहुतेक बातम्यांत ‘रुग्णाशी निकट संपर्क टाळावा’ हे वाक्य असते, पण निकट संपर्क म्हणजे काय, याचा खुलासा क्वचितच होतो. त्यामुळे कोणी हा केवळ लैंगिक आजार समजून निर्धास्त राहतो, तर कोणी रुग्णाच्या दारावरून जायलाही घाबरतो.

२०२२ मध्ये हा आजार अनेक देशांत पसरला तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून, हे खरे. मात्र देवीच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू पुरळात, फोडांतल्या पाण्यात आणि खपल्यांत असतो, त्यामुळे फोडाला उघडी त्वचा नुसती घासली तरी लागण होऊ शकते. याच कारणाने निरोध वापरला तरी पूर्ण संरक्षण मिळत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या फोडांना उघड्या बोटाने मलम लावणारी आई, त्याच्याच टॉवेलला हात पुसणारे भावंड किंवा रुग्णाची चादर झटकून घडी घालणारी व्यक्ती यांनाही धोका असतो. लैंगिकतेवरच बोट ठेवले की नेमकी हीच माणसे बेसावध राहतात. चादर तर झटकूच नये, हातमोजे घालून अलगद गुंडाळावी आणि थेट धुवायला टाकावी.

समोरासमोर जवळ बसून बराच वेळ बोलताना श्वासावाटे व थुंकीच्या तुषारांतूनही संसर्ग होऊ शकतो, मात्र रस्त्यात रुग्ण शेजारून गेला, एवढ्याने सहसा काही होत नाही. गर्भवतीकडून बाळालाही लागण होऊ शकते. मध्य व पश्चिम आफ्रिकेत हा आजार बाधित वन्य प्राण्यांच्या चाव्यातून किंवा त्यांचे मांस हाताळतानाही येतो.

संपर्कानंतर लक्षणे दिसायला २१ दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि काहींकडून तर ती दिसण्याआधीही प्रसार होतो. सर्व खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, रुग्णाने वेगळे राहणे आवश्यक असते. एवढा काळ वेगळे राहायचे, त्यात बदनामीची भीती, म्हणून माणसे पुरळ लपवतात आणि डॉक्टरांकडे उशिरा जातात, याची मला सर्वाधिक काळजी वाटते. आपण रुग्णसंख्येच्या चौकटीशेजारीच टॉवेल, चादर आणि उघड्या बोटाची ही माहितीही छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक