पान सातवरचं बाष्पीभवन

प्रिय विनू,

तापत्या हवेत मोठ्या सरोवरांच्या पातळीचं काय होईल आणि तिथून पाणी कसं उचलावं, यावरचं तुझं टिपण तीन महिने माझ्याकडे पडून आहे आणि मी चकार शब्द कळवला नाही. चुकलंच. प्रकृती ठीक. पान सातवर अडलो होतो, आणि 'छान झालंय' असं खोटं लिहवेना.

सरोवराचं बाष्पीभवन तू काठावरच्या पॅनवरून काढलंस, पॅनचं माप गुणिले ०.७. वर्षाच्या बेरजेला एक वेळ चालेल, पण महिनावार हिशेबात साफ फसशील. पॅन म्हणजे १.२ मीटर व्यासाची, २५ सेंटिमीटर खोल परात, पाणी किती उडतं ते मोजायची. दिवसा तापते, रात्री निवते. खोल सरोवर उन्हाळाभर ऊब पोटात साठवतं आणि थंडीच्या तोंडाशी सोडतं. पाणी कोमट, हवा गार नि कोरडी, वर वारा, की पाणी सपाट्याने उडतं. उत्तर अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवराचं सगळ्यात जास्त बाष्पीभवन शरदाच्या अखेरीस नि हिवाळ्यात होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या थंडगार पाण्यावर उलट हवेतली वाफच निवते. तुझा तक्ता नेमका उलटा आहे!

आणि आपलं ते जुनं भांडण: 'बर्फ कमी म्हणजे पाणी जास्त.' अरे, तरंगता बर्फ वितळून पातळी बोटभरही चढत नाही. बर्फ हे झाकण आहे. ते उशिरा बसलं, लवकर निघालं, की हवेला पाणी ओढायला जास्त दिवस मिळतात. सुपिरियर ८२ हजार चौरस किलोमीटरचं. एक सेंटिमीटर उडालं तरी ८२ हजार कोटी लिटर गेले. सर हा गुणाकार फळ्यावर करायला लावायचे, आणि तू शून्य खायचास.

त्याहून मला छळते ती पातळी घटतच जाणार म्हणणारी तुझी सरळ उतरती रेघ. तिथल्याच मिशिगन-ह्युरॉन या जोडसरोवराची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नीचांकी होती, २०२० मध्ये महिन्यामागून महिना उच्चांकी. फरक जवळपास दोन मीटर! हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणून उडणंही वाढतं आणि कोसळणंही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराला येणारं सुमारे ८० टक्के पाणी थेट पावसाचं आहे, तिथे ही ओढाताण सरळ पातळीवर दिसते. तेव्हा जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, सरासरीवर बेतू नकोस. तळाची झडप आजवरच्या नीचांकाच्याही खाली हवी, मोटारी उच्चांकाच्या वर. मधे दोन-तीन पातळ्यांवर झडपा ठेव. कारण वर निळं-हिरवं शेवाळ धरतं. तळाशी प्राणवायू संपला की लोह नि मँगनीज सुटतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवराच्या काठी, अमेरिकेतल्या टोलेडो शहरात शेवाळाच्या विषाने नळाचं पाणी बंद करावं लागलं. ते विष उकळूनही जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.

काठापासून दूर एक बोया, म्हणजे मोजयंत्रं लावलेला तरंगता पिंप, टाक. पृष्ठभागाचं तापमान, आर्द्रता, वारा, दर तासाला. त्यावरून बाष्पीभवन काढ आणि ताळा घे: पाऊस अधिक आवक, वजा जावक, वजा साठ्यातली वाढ. पातळी एकाच पट्टीवर वाचू नकोस. वाऱ्याने पाणी एका काठाला लोटलं जातं, म्हणून समोरासमोरच्या पट्ट्यांची सरासरी धर.

वहिनींची बदली झाल्याचं कळलं, पोरांच्या शाळेचं जमलं का? पान सात दुरुस्त करून पाठव. या खेपेला आठवड्यात उत्तर देतो.

तुझा,
बाळ्या