सफरचंदावरचा स्टिकर आणि देशांची दोस्ती

संपादकसाहेब, नमस्कार.

नेरुळला माझी फळांची गाडी आहे, माल वाशीच्या एपीएमसीतून आणतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून टीव्हीवर ‘तुर्कीने पाठीत खंजीर खुपसला’ सुरू झालं, पुण्याच्या मार्केटयार्डात तर व्यापाऱ्यांनी तुर्कीचा माल घेणंच बंद केलं, आणि माझ्याकडे गिऱ्हाईक सफरचंद फिरवून फिरवून स्टिकर वाचायला लागलं. एका काकूंनी विचारलं, तुर्कीचं नाही ना रे? म्हटलं नाही, अमेरिकेचं. “मग दे किलोभर, ते आपले मित्र.” ऑगस्टमध्ये ट्रम्पनी आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला तर त्याच काकू म्हणतात, शिमल्याचं दे. (तसा ऑगस्ट शिमल्याचाच सीझन असतो, ते सोडा.)

काकूंना काय बोलणार, त्यांना जे दाखवलं तेच त्या बोलल्या. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कीतल्या भूकंपात आपण ‘ऑपरेशन दोस्त’ नावाने मदत पाठवली तेव्हा तुर्की बाईने आपल्या लष्करातल्या मॅडमना मिठी मारलेला फोटो सगळीकडे होता, तेव्हा तुर्की दोस्त. पण तुर्कीचे अध्यक्ष एर्दोगान २०१९ लाच संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून पाकिस्तानची बाजू घेऊन बोलले होते ना, मग भूकंपाच्या बातमीत ती एक ओळ का नाही आली? मदत करायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही, पण मग २०२५ ला धक्का बसल्यासारखं कशाला करायचं.

करारांचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी-पाकिस्तानचा संरक्षण करार झाला, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला, की लगेच स्टुडिओत सौदीची विमानं उडायला लागली. अहो, नाटोच्या (अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी आघाडीच्या) १९४९ च्या करारातही असंच कलम ५ आहेच, पण त्यात प्रत्येक देशाने त्याला गरजेचं वाटेल ते करायचं असं लिहिलंय, सैन्य पाठवलंच पाहिजे असं नाही. आणि क्वाडला (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्या गटाला) तर कसला करारच नाही, तरी बिनधास्त ‘लष्करी आघाडी’ म्हणतात.

एक विनंती आहे. तुम्ही बाजारभाव चौकटीत छापता तसं कराराची बातमी असेल तेव्हा त्यातलं मूळ कलम मराठीत, चार ओळींत, चौकटीत छापा. काकूंना दाखवायला मला बरं पडेल.

– एक फळविक्रेता, नेरुळ, नवी मुंबई